वर्गातला फोन आणि अवधान : पालघर-बोईसर पट्ट्याचा एक छोटा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका तरुण प्राध्यापकांनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, एका वाक्यात सांगा, कॉलेजच्या वर्गात मोबाइल असावा की नसावा?" आम्ही म्हणालो, एका वाक्यात सांगता येत असतं तर सदतीस वर्षं तत्त्वज्ञान कशाला शिकवलं असतं? ते हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की आपण प्रश्न टाळला. म्हणून आजचं हे व्याख्यान. उत्तर एका वाक्यात मिळणार नाही, पण आज आम्ही ते टाळणारही नाही.

आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. एखाद्या गोष्टीविषयी मत देण्याआधी ती आली कुठून, हे आम्ही विचारतो. फोन वर्गात आला कसा? त्याच्या आधी वर्गात काय काय येऊन गेलं होतं? आणि हे आम्ही आपल्याच पट्ट्यात बघणार आहोत. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आणि वर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी आम्ही निवृत्त झालो. जिल्हा नोकरीला लागला आणि आम्ही सुटलो, असं आम्ही गमतीने म्हणतो.

आधी एक कबुलीजबाब देऊ.

२०१७ सालची गोष्ट. निवृत्तीनंतर या पट्ट्यातल्या एका कॉलेजात आम्ही आठवड्यातून एकदा तर्कशास्त्र शिकवायला जात होतो. प्रथम वर्ष कला शाखेचा वर्ग. शिकवणं मराठीतून, पण पुस्तक इंग्रजी आणि संज्ञाही इंग्रजी. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी, विक्रमगडकडून येणारी, सारखी मान खाली घालून बाकाखाली काहीतरी बघत होती. आम्ही शिकवणं थांबवलं. तिच्यापाशी गेलो, हात पुढे केला, फोन घेतला आणि टेबलावर आणून ठेवला. वर एक वाक्यही बोललो, जे इथे पुन्हा सांगण्यासारखं नाही. वर्ग हसला.

तास संपल्यावर ती फोन न्यायला आली. फोन वडिलांचा होता. पडदा उजळला आणि त्यावर काय होतं, ते आम्ही बघितलं. भाषांतराचं पान उघडं होतं. वर 'प्रेमिस' हा इंग्रजी शब्द आणि खाली मराठी अर्थ: 'आवार'. म्हणजे तासभर आम्ही सांगत होतो की दोन आधारविधानांवरून निष्कर्ष निघतो, आणि ही पोरगी विचार करत होती की दोन आवारांवरून निष्कर्ष कसा काय निघतो! आम्ही तिला म्हणालो, "अगं, मला विचारायचंस ना." ती म्हणाली, "विचारलं असतं सर. पण बाकी सगळ्यांना माहीत असेल असं वाटलं."

वर्षभर ती पुढच्या तासांना आली. फोन तिने परत कधी काढला नाही. आणि प्रश्नही कधी विचारला नाही. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त लागली. ही गोष्ट आत्ता इथेच ठेवू. शेवटी तिच्याकडे परत येऊ.

साधनाची भीती जुनीच आहे

नव्या साधनाने विद्यार्थी बिघडेल, ही भीती फोनपासून सुरू झालेली नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस एक इजिप्शियन कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लिपीचा शोध लावतो आणि थॅमस राजाकडे मोठ्या अभिमानाने घेऊन जातो: हे घ्या, याने माणसांची स्मृती वाढेल. राजा म्हणतो, उलट होईल. लोक लिहिलेल्यावर विसंबतील, आठवण्याचा सराव सुटेल, आणि न शिकताच आपण शहाणे झालो असं त्यांना वाटू लागेल. म्हणजे लेखणीवर घेतलेला आक्षेप हा अक्षरशः तोच, जो आज गूगलवर घेतला जातो. आपल्याकडेही पोथीत अडकून पडलेल्या विद्येला जुन्या पंडितांनी नावं ठेवलेलीच आहेत. मुखोद्गत असेल तीच विद्या, असा तो काळ होता.

आता यावरून काही लोक लगेच म्हणतात, "बघा, तेव्हाही असंच बोलत होते, काही झालं नाही, तेव्हा आताही काही होणार नाही." हा तर्क चुकीचा आहे. एक भीती फोल ठरली म्हणून दुसरी फोल ठरते, असं होत नाही. शिवाय ती भीती पूर्ण फोल ठरलीही नाही. पाठांतराची ताकद आपण गमावली, हे खरंच आहे. त्या बदल्यात जे मिळालं ते मोठं होतं, म्हणून तो सौदा आपल्याला परवडला. तेव्हा साधन आलं की दोनच प्रश्न विचारायचे: काय मिळालं, काय गेलं? आणि तिसरा प्रश्न, जो प्लेटोने विचारला नाही: मिळालं कोणाला आणि गेलं कोणाचं?

बोर्डी आणि कोसबाड

हा तिसरा प्रश्न ज्यांनी विचारला त्या दोन बायका आपल्याच जिल्ह्यात काम करून गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तुम्ही म्हणाल, बालवाडीचा आणि कॉलेजच्या फोनचा काय संबंध? सांगतो.

ताराबाईंनी माँटेसोरी पद्धत स्वीकारली होती. त्या पद्धतीत साधनं फार महत्त्वाची. पण ती साधनं महाग होती आणि शहरातल्या पांढरपेशा घरांतल्या मुलांसाठी होती. खेड्यातल्या मुलांसाठी ती परवडणार नव्हती. तेव्हा या मंडळींनी पद्धतीचं तत्त्व ठेवलं आणि साधनं बदलली. गावात मिळतील त्या वस्तू घेतल्या: शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती. पुढची अडचण अशी की मुलं बालवाडीत येतच नव्हती. तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला आणि १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेने तो उचलला. त्यापुढे, जी वारली पोरं दिवसभर गुरांमागे रानात असत त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली. तिचं नाव कुरणशाळा.

यातून आम्ही एक कसोटी घेतो. साधन मुलापर्यंत जातंय, की मुलाने साधनापर्यंत यावं अशी अट आहे? ही कसोटी हातात ठेवा. पुढे फार उपयोगी पडणार आहे.

दूरचित्रवाणी, मुक्त विद्यापीठ, आकाश

१९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातले पहिले. त्याच परिसरात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, रसायने, कापड, पोलाद. बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांची भाषा बदलली. मराठी, मांगेली, वाडवळी, गुजराती यांच्यात उत्तर भारतातली हिंदी येऊन मिसळली. जगातलं सर्वांत प्रगत तंत्रज्ञान गावाच्या वेशीवर आलं, पण आमच्या वर्गात मात्र फळा, खडू आणि डस्टर. अणुभट्टीची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला गेली, जशी मोखाड्याच्या मध्य वैतरणेचं पाणी पुढे मुंबईला गेलं. आपल्या जिल्ह्याला या गोष्टीची सवय आहे. मोठ्या वस्तू इथून जातात किंवा इथून पार होतात. थांबतात कमी.

वर्गात पहिलं विजेचं शिकवणारं यंत्र आलं ते दूरचित्रवाणी संच. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू केला. इन्सॅट उपग्रहामुळे ते शक्य झालं होतं. कल्पना उत्तम होती: लहान गावातल्या कॉलेजला मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक दिसेल. पण कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत, वेळ दिल्लीने ठरवलेली, आणि प्रश्न विचारायची सोय नाही. आमची मुलं थोडा वेळ कुतूहलाने बघत आणि मग खिडकीबाहेर बघत. कोसबाडच्या कसोटीवर हे साधन नापास होतं. अंगणात ते आलं होतं खरं, पण अंगणातल्या माणसाशी बोलत नव्हतं.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मराठीतून, छापील पुस्तकं पाठवून, नोकरी करणाऱ्याला घरी बसून पदवी. वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या अनेकांनी त्यातून शिक्षण पुरं केलं. इथे यंत्र साधं होतं, पुस्तक आणि टपाल. पण माणसाच्या वेळेला आणि भाषेला ते जुळलं. म्हणजे साधन किती नवं आहे, यावर त्याचा उपयोग ठरत नाही, हे आपण इथे एकदा शिकलो होतो. नंतर विसरलो.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा, आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून. दोन्ही एकाच पावसाळ्यात आले. पण तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते थांबले २००३ मध्ये, आणि मग फोन प्राध्यापकांच्या खिशातून विद्यार्थ्यांच्या खिशात उतरला. त्या काळात वर्गात फोन म्हणजे फक्त आवाज होता. कोणाचा तरी वाजायचा, सगळे मागे वळायचे, आम्ही रागवायचो, आणि कधीमधी आमचाच वाजायचा. भिंतीवर पाटी लागली: मोबाइल बंद ठेवावेत. त्या पाटीमागचा विचार आवाजापुरता होता. पाटी अजून तशीच आहे, यंत्र मात्र पार बदललं.

५ ऑक्टोबर २०११ रोजी सरकारने 'आकाश' नावाचा टॅब्लेट जाहीर केला. सुमारे पन्नास डॉलर किंमत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात संगणक. वर्तमानपत्रं भरून गेली. पण पडदा नीट चालत नाही, बॅटरी टिकत नाही अशा तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली आणि हळूहळू तो विषय मिटला. सरकारने विद्यार्थ्यांना यंत्र द्यायचं ठरवलं आणि ते पोहोचलं नाही. पाच वर्षांत बाजाराने ते पोहोचवलं. ५ सप्टेंबर २०१६, म्हणजे नेमका शिक्षक दिन. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि काही महिने डेटा फुकट मिळाला. त्याच्या आधी जपून वापरायची वस्तू असलेला डेटा एकदम पाण्यासारखा झाला. आम्हाला हा फरक गाडीत कळला. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावू लागली होती. पूर्वी गाडीत भजन, पत्ते, भाजी निवडणं आणि भांडण चाले. एका वर्षात सगळ्या माना खाली गेल्या.

हे लक्षात घ्या: वर्गात फोन कोणा शिक्षणतज्ज्ञाने आणलेला नाही. टीव्ही आयोगाने आणला, टॅब्लेट सरकारने आणू पाहिला. फोन मात्र मुलांच्या खिशातून आला. तो शिकवण्यासाठी बनवलेला नव्हता. त्यावरची बरीचशी ॲप माणसाचं लक्ष धरून ठेवण्यासाठी आणि ते जाहिरातदाराला विकण्यासाठी बनवलेली आहेत. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच म्हटलं होतं की माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा तुटवडा पडतो. तेव्हा इंटरनेटही नव्हतं.

टाळेबंदी : सगळा वर्गच फोनमध्ये

मग मार्च २०२० आला. ज्या वस्तूला वर्गात बंदी होती तिच्याच आत सगळा वर्ग शिरला. काल जप्त होणारी वस्तू आज सक्तीची झाली, आणि या दोन आज्ञांच्या मध्ये एक आठवडाही गेला नाही.

कोणाकडे होती ही वस्तू? राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी २०१७-१८ ची आहे. तिच्यानुसार ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं १४.९ टक्के, शहरी भागात ४२ टक्के. संगणक असलेली कुटुंबं ग्रामीण भागात ४.४ टक्के. आणि ही सोय कुटुंबाला आहे, मुलाला नव्हे. घरात एक फोन असला तर तो कर्त्या माणसाबरोबर पाळीवर जातो. आपल्या जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत. डोंगरातल्या पाड्यांवर फोन असला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्ज नाही.

त्या वर्षी आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या आग्रहाने आम्हीही काही तास घेतले. पडद्यावर चाळीस काळे चौकोन आणि त्यात नावं. तुम्ही बोलताय आणि कोणी ऐकतंय की नाही याची खूण नाही. वर्गात मुलगा जांभई देतो ना, तीही एक प्रतिक्रिया असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एक मुलगा पाळी सुटल्यावर कंपनीच्या गेटबाहेर उभा राहून तास ऐकायचा. मागे ट्रकचे हॉर्न. तो प्रश्न विचारायला माईक चालू करायचा आणि आधी हॉर्न ऐकू यायचा. पण तो विचारायचा. हेही सांगायला हवं. त्याच्या पाळीच्या वेळा अशा होत्या की एरवी तो वर्गात कधी बसलाच नसता. फोन नसता तर तर्कशास्त्राचा तो विद्यार्थी आम्हाला मिळाला नसता.

त्याच पावसाळ्यात जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, दांडवळसारख्या गावांत, दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने 'बोलकी शाळा' चालवली. पाठ ध्वनिमुद्रित करायचे आणि लाऊडस्पीकरवर गावात ऐकवायचे. मुलं अंतर ठेवून बसत आणि ऐकत. ती शाळेतली मुलं होती, कॉलेजची नव्हेत. पण इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला हे कुरणशाळेचंच पुढचं पान वाटतं. नेटवर्क नाही? मग नेटवर्क लागणार नाही असं साधन शोधा. स्पीकरला ना रिचार्ज लागतो, ना प्रत्येकी एक विकत घ्यावा लागतो.

विद्यापीठाच्या पातळीवर भांडण परीक्षेवरून झालं. राज्य सरकारचं म्हणणं, अंतिम वर्षाची परीक्षा घेता येणार नाही. अनुदान आयोगाचं म्हणणं, घ्यावीच लागेल. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाला उत्तीर्ण करता येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा बहुतांशी ऑनलाइन दिली. म्हणजे पदवीचा दरवाजाच फोनमध्ये गेला. आता तर श्रेयांकांचा मोठा वाटा 'स्वयम्' सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' संकेतस्थळावर भरावा लागतो. वर्गाच्या दाराबाहेर आपण मुलाला सांगतो, फोनशिवाय तू विद्यार्थीच नाहीस. दाराच्या आत सांगतो, फोन दिसला तर बाहेर काढीन. मुलाने काय समजावं?

संशोधन काय म्हणतं

आता दुसरी बाजू. बंदीच्या बाजूचे लोक काही अडाणी नाहीत. त्यांच्याकडे पुरावा आहे.

कॅनडात २०१३ मध्ये फारिया साना आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत सुमारे ११ टक्के कमी गुण मिळाले. हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित हे, की ज्यांना त्यांचे पडदे नुसते दिसत होते, त्यांचे गुण सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते! स्वतः काही न करता.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'मध्ये मांडलेलं तत्त्व असं की, सज्ञान माणूस स्वतःचं नुकसान करत असेल तर त्याला समजवा, पण जबरदस्ती करू नका. दुसऱ्याचं नुकसान होत असेल तरच रोखा. कॉलेजचा विद्यार्थी सज्ञान आहे. "माझं लक्ष नाही, तुमचं काय गेलं?" हा त्याचा प्रश्न आम्ही बरीच वर्षं रास्त मानत होतो. पण शेजारच्याचे गुण कमी होत असतील तर तो प्रश्न टिकत नाही. वर्गातलं लक्ष ही सामाईक वस्तू आहे, गावच्या विहिरीसारखी.

इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा अभ्यास बेलंड आणि मर्फी यांनी केला. फोनबंदीनंतर निकाल थोडे सुधारले, आणि सुधारणा मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती. हुशार मुलांना फरक पडला नाही. म्हणजे विचलनाची किंमत दुबळ्यालाच जास्त पडते. हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही.

पण सगळेच पुरावे असे ठाम नाहीत. हाताने टिपणं काढणारे लॅपटॉपवाल्यांपेक्षा जास्त समजून घेतात, असा २०१४ चा मुलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास फार गाजला. पुढे तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा चाचणीतला फरक तितका स्पष्ट दिसला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरलं जातंय, हा प्रश्न मध्यभागी ठेवला. प्रश्न योग्य आहे. अनुताईंना तो कळला होता.

आणि एक गोष्ट. कॅनडातल्या त्या मुलाच्या हातून पडदा काढून घेतला तर त्याच्याकडे छापील पाठ्यपुस्तक आहे, ते त्याच्या भाषेत आहे, आणि कोपऱ्यावर ग्रंथालय आहे. विक्रमगडच्या मुलीच्या हातून फोन काढून घेतला तर तिच्याकडे काय उरतं? घरी वारली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तक. शब्दकोश, भाषांतर, पुस्तक आणि फळ्याचा फोटो, हे सगळं त्या एका वस्तूत आहे. एकच कृती, फोन काढून घेणं, दोन वर्गांत दोन वेगळ्या गोष्टी असतात.

अवधान

आपल्या पट्ट्यातले आणखी एक नाव घेतो. केळवे-माहीमचे सोनोपंत दांडेकर, मामा दांडेकर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य, आणि त्याच वेळी वारकरी कीर्तनकार. पालघरच्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्यांनी ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध केली. त्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय कसा सुरू होतो, आठवा. ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागणं करतात. काय मागतात? अवधान.

हा शब्द आम्हाला 'लक्ष' या शब्दापेक्षा मोलाचा वाटतो. लक्ष वेधून घेता येतं. जाहिरात वेधते, फोनची टिंग वेधते, आमच्यासारखा मास्तर डस्टर आपटून वेधतो. अवधान मात्र द्यावं लागतं. समोरच्याने ते मागावं लागतं आणि ऐकणाऱ्याने आपण होऊन द्यावं लागतं. कीर्तनाला हजेरी नसते. तरी माणसं रात्र रात्र बसत, कारण तिथे मागणारा नम्र होता आणि देणाऱ्याला आपल्या देण्याची किंमत आहे असं वाटत होतं.

फोन जप्त केला की लक्षाचा चोर बाहेर जातो, हे खरं. पण अवधान आपोआप आत येत नाही. त्या मुलीचा फोन घेतल्यावर ती आमच्याकडे बघत होती. तिचं लक्ष आमच्यावर होतं. अवधान आम्ही त्या दिवशी गमावलं.

तर मग करायचं काय

त्या तरुण प्राध्यापकांना आता उत्तर देऊ.

पहिलं: फोन वर्गात असावा, पण पालथा असावा. व्याख्यान, चर्चा, वाद चालू असताना बाकावर पालथा, सगळ्यांना दिसेल असा. बाकाखाली नाही. आणि आमचाही टेबलावर पालथा. तो उलटायची वेळ मास्तरांनी सांगावी: "आता शोधा," "आता फोटो घ्या," "आता ठेवा." हे शेजाऱ्याच्या हक्कासाठी, शिस्तीच्या हौसेसाठी नव्हे.

दुसरं: काम द्यायचं ते एका फोनवर चौघांना. प्रत्येकी एक यंत्र हवं, ही अट बाजाराची आहे. चौघांत एक फोन असला की तो वाचायला एक, शंका काढायला दुसरा, लिहायला तिसरा आणि मराठीत सांगायला चौथा लागतो. ज्याच्याकडे फोन नाही तो उघडा पडत नाही. आणि चौघांच्या मध्ये ठेवलेल्या फोनवर कोणी रील बघत नाही, निदान फार वेळ बघत नाही.

तिसरं: जे सगळ्यांकडे नाही ते सक्तीचं करायचं नाही. सूचना फक्त व्हॉट्सॲपवर टाकली तर ती दिली असं धरू नये. फळ्यावर लिहा, फलकावर लावा. नोट्सची एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवा. कोसबाडची कसोटी तीच आहे.

चौथं आणि सगळ्यात अवघड: मुलं फोनला का विचारतात आणि आपल्याला का नाही, हे प्रत्येक मास्तराने स्वतःला विचारावं. फोन हसत नाही. "एवढंही माहीत नाही?" असं तो म्हणत नाही. पण तो 'प्रेमिस'चा अर्थ 'आवार' सांगतो, आणि चुकलं हे त्यालाही कळत नाही. ते कळायला कोणीतरी माणूस लागतो, आणि त्या माणसाला विचारायची लाज वाटता कामा नये. ही सोय कुठल्याही ॲपमध्ये नाही. ती आपणच वर्गात करायची असते, आणि करण्यात आम्ही एकदा चुकलो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्हाला ठाऊक नाही. तिने ते वर्ष पुरं केलं एवढं माहीत आहे. तिची माफी आम्ही मागायला हवी होती, तीही भर वर्गात, कारण अपमान भर वर्गात झाला होता. ती मागितली नाही. मास्तरांना माफी मागायची सवय नसते. पुढच्या तासापासून आम्ही एवढंच केलं की शिकवायला सुरुवात करण्याआधी त्या दिवसाच्या सगळ्या संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत लिहायला लागलो. प्रेमिस म्हणजे आधारविधान. कन्क्लूजन म्हणजे निष्कर्ष. पाच मिनिटं जायची. त्यानंतर बाकाखालच्या माना बऱ्याच कमी झाल्या. सदतीस वर्षांत हे आम्हाला का सुचलं नाही, याचं उत्तर आमच्याकडे नाही. सुचवायला एक फोन आणि तो वापरणारी एक मुलगी लागली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. 'हा प्रश्न फारच साधा आहे' असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी विचारा.